माशी नाही, हे सिद्ध कसं करायचं?

आंबा कापला आणि गरात पांढरी अळी वळवळताना दिसली, तर आपल्याकडे फार गहजब होत नाही. तेवढा भाग कापून टाकायचा, उरलेल्या फोडी ताटात. फार तर "यंदाची पेटी काही खरी नाही" एवढं पुटपुटून विषय संपतो. हीच अळी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर निघाली, तर मात्र त्या एका आंब्याचा प्रश्न राहत नाही. सगळी खेप अडते. अशा खेपा वाढत गेल्या, की सगळ्या देशाचा माल अडतो.

२०१४ साली नेमकं हेच झालं. त्याआधीच्या वर्षात भारतातून युरोपात गेलेल्या फळं-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशी आणि इतर किडी सापडल्या होत्या. युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतातून येणारा आंबा, वांगी, कारली, पडवळ आणि अळू यांना दार बंद केलं. तारीख पाहा: १ मे, म्हणजे हापूसचा ऐन हंगाम. लंडन-लेस्टरच्या भारतीय दुकानदारांनी आरडाओरडा केला, कीथ वाझ या ब्रिटिश खासदारांनी तिथल्या संसदेत प्रश्न लावून धरला. ब्रिटन तेव्हा युरोपीय संघातच होता. तिकडच्या सरकारचं उत्तर साधं होतं: आमच्याकडे टोमॅटो-काकडीची शेती आहे, सुमारे ३२ कोटी पौंडांची, आणि तिला या माशीचा धोका आहे. ब्रिटनच्या थंडीत आंब्यावरची माशी कुठून जगणार, असं आपल्याला वाटतं. पण तिथला टोमॅटो उघड्यावर कुठे पिकतो? तो उबदार काचघरात पिकतो, आणि माशीला तेवढं पुरतं.

आता गंमत अशी की त्या २०७ खेपा पाठवणाऱ्यांनी किडका माल मुद्दाम भरला होता असं समजायचं कारण नाही. पेटी भरताना आंबा खरोखरच स्वच्छ दिसत असतो. हे समजून घ्यायचं तर माशीचा दिनक्रम पाहावा लागतो.

कोकणातल्या आंब्यावरची मुख्य फळमाशी घरमाशीएवढीच, पण दिसायला गांधीलमाशीसारखी, काळी-पिवळी. मादीच्या शेपटीशी सुईसारखी नळी असते. फळ पक्व होत आलं, की ती या नळीने साल टोचते आणि सालीखाली अंडी घालते. बागायतदार याला डंख म्हणतात. ताजा डंख टाचणीच्या टोकाएवढा. हजारो फळं हाताखालून जाताना तो दिसणं जवळजवळ अशक्य. एक-दोन दिवसांत अंडी फुटतात, अळ्या गर खात आत शिरतात आणि आठवडा-दीड आठवड्यात पोसून बाहेर येतात. मग टुणकन उडी मारून जमिनीवर पडतात, मातीत कोष करतात आणि कोषातून पुन्हा माशी निघते. एक मादी आयुष्यात हजारावर अंडी घालू शकते.

हे वेळापत्रक निर्यातीच्या वेळापत्रकाशेजारी मांडून पाहा. झेल्याने आंबा उतरवला तेव्हा आत अंडं होतं. पॅकहाउसमध्ये निवड झाली तेव्हा अळी केसाएवढी होती. विमान उतरलं, आंबा पिकला, तपासनीसाने कापला, तेव्हा ती चांगली तांदळाच्या दाण्याएवढी झालेली. इकडच्या तपासनीसाने लिहिलेलं "कीड आढळली नाही" आणि तिकडच्याने लिहिलेलं "कीड आढळली" ही दोन्ही वाक्यं एकाच फळाबद्दल खरी असू शकतात.

म्हणजे प्रश्न नुसता माशी मारण्याचा नाही. माशी नाही, हे अशा माणसाला पटवून देण्याचा आहे, ज्याने आपली बाग पाहिलेली नाही आणि ज्याला आपल्यावर विश्वास ठेवण्याची काहीच गरज नाही. फळांच्या निर्यातीमागचं बहुतेक कीडसंशोधन या एका गोष्टीभोवती फिरतं.

शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही. भात एकाच हंड्यात एकसारखा शिजतो, म्हणून एक शीत पुरतं. आंब्याच्या पेटीत मात्र एकच फळ डंखलेलं असू शकतं आणि शेजारची अकरा निर्मळ. नमुन्याला काढलेल्या फळांत ते नेमकं एक आलंच नाही, तर तपासणी करून काय मिळालं? म्हणून आयात करणारे देश म्हणतात: तुम्ही काय शोधलंत ते राहू द्या, आत अळी आहे असं धरूनच चाला आणि प्रत्येक फळावर अशी प्रक्रिया करा की अळी असली तरी उरणार नाही.

मग पुढचा प्रश्न. प्रक्रियेने अळी उरत नाही, हे कशावरून?

याचं उत्तर १९३९ साली अमेरिकेत दिलं गेलं आणि आजही त्याचा धाक आहे. ए. सी. बेकर या कीटकशास्त्रज्ञाने निकष सुचवला: प्रक्रियेने ९९.९९६८ टक्के किडे मेले पाहिजेत. दहा लाखांतले जास्तीत जास्त ३२ वाचले तर चालतील. संख्याशास्त्राच्या भाषेत याला 'प्रोबिट ९' म्हणतात. नाव विसरलात तरी हरकत नाही, पण त्यातून निघणारा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. ही पातळी ९५ टक्के खात्रीने दाखवायची, तर ९३,६१३ किड्यांवर प्रयोग करावा लागतो आणि त्यातला एकही जगता कामा नये. एक जरी जगला, तरी आणखी हजारो किडे घेऊन पुन्हा प्रयोग. जपानसारखे काही देश साधारण ३०,००० वर समाधान मानतात. तेही काही थोडे नाहीत.

एवढ्या अळ्या आणायच्या कुठून? पाळायच्या. जगभर यासाठी प्रयोगशाळांत फळमाश्यांच्या वसाहती सांभाळतात, ठरलेलं खाद्य, ठरलेलं तापमान, पिढ्यानपिढ्या. जिला मारायचं शिकायचं, तिला आधी लेकरासारखं वाढवायचं. शिवाय नुसत्या अळ्या बशीत ठेवून भागत नाही. त्या आंब्याच्या आत असाव्या लागतात, कारण प्रत्यक्षात त्या तिथेच असतात. अंडी, लहान अळी, मोठी अळी यांतली सगळ्यात चिवट अवस्था कोणती, हे आधी शोधायचं आणि तिच्यावर प्रयोग करायचा. आणि एवढं सगळं करून आंबा खाण्याजोगा उरला पाहिजे. खरी गोची तिथे आहे. अळी मारणं सोपं आहे हो. आंबा न मारता अळी मारायची आहे.

पूर्वी हे काम विषारी वायू करत. एथिलीन डायब्रोमाइडची धुरी दिली, की दोन तासांत काम तमाम. त्याने कर्करोग होतो असं दिसल्यावर अमेरिकेने १९८४ मध्ये तो बंद केला आणि जगभरच्या फळनिर्यातीची तारांबळ उडाली. मिथाइल ब्रोमाइड हा दुसरा पर्याय ओझोनच्या थराला भोकं पाडणारा निघाला. क्वारंटाइनच्या, म्हणजे परकी कीड देशात शिरू न देण्याच्या, कामापुरती त्याला सूट आहे, पण त्याच्या भरवशावर नवा बाजार उभा करावा असं कुणाला वाटत नाही. थंडीचा उपाय संत्र्या-मोसंब्याला चालतो: दोनेक अंशांत दोन-तीन आठवडे ठेवलं की अळ्या मरतात. आंबा मात्र बारा-तेरा अंशांच्या खाली गेला की गारठून काळवंडतो, नीट पिकतच नाही.

उरली उष्णता.

सगळ्यात साधा मार्ग गरम पाण्याचा. मेक्सिको, पेरू हे देश अमेरिकेला आंबा पाठवताना तो ४६.१ अंशांच्या पाण्यात ६५ ते ११० मिनिटं बुडवून ठेवतात. वेळ फळाच्या वजनावर ठरते, कारण उष्णता सालीपासून कोयीपर्यंत पोचायला हवी आणि फळ जितकं जाड तितकी ती सावकाश पोचते. २०१४ च्या बंदीनंतर भारताने युरोपसाठी ४८ अंशांत ६० मिनिटांची प्रक्रिया लावली. त्यामागे बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतले प्रयोग होते. बाकी व्यवस्थाही घट्ट केली, आणि २०१५ च्या सुरुवातीला आंब्यावरची बंदी उठली. भाज्यांना पुढे जवळजवळ दोन वर्षं थांबावं लागलं.

दुसरा मार्ग बाष्पाचा. इडलीपात्राचं झाकण काढताना हाताला चटका बसतो तो नुसत्या गरम हवेचा नसतो. वाफ हातावर येऊन पाणी होते आणि पाणी होताना आपली सगळी उष्णता सोडते. बाष्प प्रक्रियेत हेच सौम्यपणे करतात. ओलसर गरम हवा आंब्याच्या पेट्यांतून फिरवतात, ती थंड सालीवर दवासारखी जमते आणि उष्णता आत ढकलते. काही फळांच्या गरात तापमापकाच्या सुया खुपसलेल्या असतात. गाभा ४७.५ अंशांवर पोचला की तिथून २० मिनिटं मोजायची, ही जपानची अट. माशीच्या भीतीने जपानने १९८६ पासून आपला आंबा बंद ठेवला होता, तो या प्रक्रियेच्या जोरावर २००६ मध्ये सुरू झाला. वीस वर्षं गेली! हंगामात जपानी तपासनीस इथे येऊन स्वतः यंत्राशेजारी उभे राहत. विश्वास हा शब्द जपानी क्वारंटाइनच्या शब्दकोशात नसावा, पण त्यांच्या जागी आपण असतो तर वेगळं वागलो असतो का? ओकिनावा बेटांवरून खरबूजमाशी हटवायला त्यांनी १९७२ पासून १९९३ पर्यंत अब्जावधी माश्या वांझ करून सोडल्या होत्या. इतक्या कष्टांनी घर साफ केलेला माणूस पाहुण्याचे पाय बघणारच.

उष्णतेची अडचण ही, की अळी आणि आंबा यांच्या सहनशक्तीत जेमतेम दोन-चार अंशांचं अंतर आहे. कडक सालीच्या जाती सोसतात. आपला हापूस पडला नाजूक. गरम पाण्याच्या पहिल्या हंगामात रत्नागिरी-देवगडच्या बागायतदारांनी तक्रारींचा पाऊस पाडला: रंग एकसारखा येत नाही, साल सुरकुतते, आत साका (गरातला पांढरट, फोपसा भाग) निघतो. साका मुळात झाडावरच होतो आणि वरून दिसत नाही, त्यामुळे दोष पाण्याचा किती आणि बागेचा किती यावर वाद घालायला भरपूर जागा होती. मला विचाराल, तर दोघांचाही. फळ कोवळं काढलेलं असेल तर ते गरम पाण्यात हमखास बिघडतं, आणि भाव चढा असताना कोवळं फळ उतरवायचा मोह कुणाला आवरत नाही.

आता बागेकडे वळू, कारण ९९.९९६८ मध्ये एक पळवाट आहे. टक्के हे टक्केच असतात. आत किती अळ्या शिरल्या यावर बाहेर किती वाचतील हे ठरतं. समजा दहा हजार आंब्यांची खेप आहे. शेकडा एकच फळ डंखलेलं आहे आणि प्रत्येकात वीस अळ्या. म्हणजे एकूण दोन हजार. दहा लाखांत ३२ या हिशेबाने अशा पंधरा-सोळा खेपांत मिळून एखादी अळी वाचेल. पण निम्मी फळं डंखलेली असतील, तर अळ्या एक लाख, आणि प्रत्येक खेपेत तीन वाचणार. यंत्र तेच, तापमान तेच. म्हणून काही शास्त्रज्ञ १९८० च्या दशकापासून म्हणत आलेत की सरसकट एकच कडक निकष लावण्यापेक्षा बागेत माशी किती होती हेही धरा. एकामागून एक अडथळे उभे करा, सगळा भार शेवटच्या यंत्रावर टाकू नका.

बागेतल्या अडथळ्यांतला सगळ्यात मजेदार म्हणजे सापळा, आणि त्याचा शोध भारतात लागला. बिहारमध्ये पुसा इथे फ्रँक हॉवलेट नावाचे इंग्रज कीटकशास्त्रज्ञ होते. शेजाऱ्याने डासांसाठी सिट्रोनेला तेल लावलं तर त्यावर फळमाश्याच येऊन बसू लागल्या, अशी कथा सांगतात. हॉवलेटनी १९१२ मध्ये त्यावर निबंध लिहिला: येतात त्या सगळ्या नर माश्या. तीन वर्षांनी त्यांनी त्यामागचा पदार्थही ओळखला, मिथाइल युजेनॉल. आपल्या तुळशीतही तो असतो. नर तो अधाशासारखा चाटतो, कारण त्यातून त्याच्या अंगात मादीला भुलवणारा वास तयार होतो. अत्तर लावून लग्नाला निघालेला नवरदेवच. त्या अत्तरात कीटकनाशक मिसळलं की झालं. १९६० च्या दशकात प्रशांत महासागरातल्या रोटा या छोट्या बेटावर मिथाइल युजेनॉल आणि कीटकनाशकात भिजवलेले तुकडे विमानातून टाकून अख्ख्या बेटावरची माशी संपवली होती.

कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा याच तत्त्वावर चालतो. पण कोकण म्हणजे समुद्रात एकटं पडलेलं बेट नव्हे. सापळ्यात माश्यांचा खच पाहून शेतकरी खूश होतो. त्यात मादी एकही नसते. एक उरलेला नर अनेक माद्यांना पुरतो, आणि शेजारच्या बागेत सापळा नसेल तर तिथून नवे नर येत राहतात. म्हणून सापळ्याच्या जोडीला सडकी, गळलेली फळं रोजच्या रोज उचलून खोल पुरावी लागतात. एक नासका आंबा अढी नासवतो हे आपल्याला ठाऊक आहेच. झाडाखाली पडलेला नासका आंबा पुढच्या पंधरवड्यात अख्खी बाग डंखवतो. शिवाय फळ अंड्याएवढं झालं की त्याला कागदी पिशवी घालायची, म्हणजे माशी टेकणारच नाही. मजुरी लागते, पण फळ डागाविना निघतं. निर्यातीसाठी अशा बागांची 'मँगोनेट' या सरकारी नोंदणी व्यवस्थेत नोंद होते आणि पेटीवरून बागेपर्यंत माग काढता येतो.

कारली-पडवळवाल्यांना एक सूचना द्यायला हवी. वेलवर्गीय भाज्यांवरची माशी वेगळी, तिला मिथाइल युजेनॉलचा वास मोहवत नाही. तिच्यासाठी क्यूल्यूर हे निराळं आमिष लागतं. आंब्याचा सापळा कारल्याच्या मांडवात लटकवलेला मी पाहिला आहे. तो रिकामाच असतो आणि मालक समजतो, आपल्याकडे माशीच नाही.

यावर जळगावच्या केळीवाल्याने हसावं. केळं हिरवं आणि कडक असताना काढलं तर फळमाशीला त्यात वाढता येत नाही, हे सिद्ध झालेलं आहे. त्यामुळे कच्च्या केळीला फळमाशीसाठी ना गरम पाणी लागतं ना बाष्प.

शेवटचा मार्ग विकिरणाचा, आणि तो आधीच्या सगळ्यांहून चमत्कारिक आहे. नाशिक जिल्ह्यात लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये 'कृषक' हे केंद्र उभारलं, ते कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून. अमेरिकेने १९८९ पासून आपला आंबा बंद ठेवला होता. मार्च २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश दिल्लीत आले आणि भारतीय आंबे खायला उत्सुक आहोत म्हणाले. त्याच देवाणघेवाणीत हार्ले-डेव्हिडसनच्या मोटारसायकलींना इथे वाट मिळाली. पण गोड बोलण्याने अळी मरत नाही. अमेरिकेची अट होती किमान ४०० ग्रे गॅमा किरणांची (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं एकक). एप्रिल २००७ मध्ये लासलगावात विकिरण केलेला हापूस अमेरिकेत उतरला. कांद्याच्या केंद्राने आंब्याचं नशीब उघडलं. पुढे वाशीतही अशी सोय झाली.

फळमाशीला खरं तर १५० ग्रे पुरतात. मग ४०० कशाला? आंब्यावरच्या इतर किडींसाठी, आणि त्यांत कोयीतला भुंगाही आला. हा भुंगा फळ लहान असतानाच आत शिरतो, थेट कोयीत मुक्काम करतो आणि वरची जखम भरून येते. गर शाबूत, साल निर्मळ, आणि आत पाहुणा. फळमाशीसाठी ठरवलेल्या गरम पाण्याच्या भरवशावर त्याला सोडता येत नाही. किरणं मात्र कोयीतूनही आरपार जातात. "आंबा किरणोत्सारी होतो का?" हे विचारणाऱ्यांना सांगायचं: नाही. ही किरणं सोडणारं कोबाल्ट आंब्याला शिवतसुद्धा नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी १९८१ मध्येच याच्या पंचवीसपट मात्रेपर्यंतचं अन्न सुरक्षित ठरवलं आहे.

चमत्कारिक भाग पुढेच आहे. ४०० ग्रेने अळी लगेच मरत नाही. तिच्या पेशींची विभागणी बिघडते, तिची माशी कधीच होत नाही, भुंग्याला पिल्लं होत नाहीत. पण विमान उतरेपर्यंत ती आंब्यात चालती-फिरती असू शकते. गरम पाण्यातून आलेल्या आंब्यात जिवंत अळी दिसली तर प्रक्रिया फसली हे उघड आहे. विकिरण केलेल्या आंब्यात दिसली तर? ती निरुपद्रवी आहे की धोकादायक, हे अळीकडे पाहून कुणालाच सांगता येत नाही. इथे पुरावा फळात नसतोच. पेट्यांबरोबर ठेवलेल्या मात्रामापकांनी किती ग्रे नोंदले आणि ते पाहून अधिकाऱ्याने कागदावर काय लिहिलं, तेवढाच पुरावा. म्हणून अमेरिकेचा अधिकारी हंगामभर इथे येऊन बसतो. कोविडमुळे तो येऊ शकला नाही, तर २०२० आणि २०२१ असे दोन हंगाम अमेरिकेला आंबा गेलाच नाही. आंबा होता, यंत्र होतं, माशीही नेहमीएवढीच होती. सही करणारा नव्हता.

आणि मे २०२५ मध्ये ८ आणि ९ तारखेला विकिरण झालेल्या १५ खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटाच्या विमानतळांवर अडकल्या. किड्याचा उल्लेख कुठेच नव्हता. विकिरणाचा दाखला चुकीच्या पद्धतीने दिला गेला, असं अमेरिकेचं म्हणणं. दाखला असल्याशिवाय माल विमानात चढलाच कसा असता, असं निर्यातदारांचं म्हणणं. आंबे परत न्या किंवा नष्ट करा, असा पर्याय मिळाला. परत आणण्याचं भाडं आंब्यापेक्षा महाग, म्हणून तिथेच नष्ट करण्यात आले. नुकसान सुमारे पाच लाख डॉलर. कापून बघा म्हणावं, तर कापून काही कळणार नव्हतं.